बॅगेवर झोपणारी मांजर

"उद्या कामावर जाताना हा जुना घेतलेला लॅपटॉप उल्हासनगरच्या दुकानात परत देतो. बॅटरी खलास आहे त्याची," असं म्हणून किसनकाका एमआयडीसीच्या रिक्षेकडे निघाले.

त्यांच्या मुलीने, मालिनीताईने, कॅलेंडरकडे बघितलं. शुक्रवारी तिची नर्सच्या नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. मुलाखतीला मोबाइल चालणार नव्हता, आणि वांगणीत त्या दिवशी वीज बंद राहणार असल्याचा मेसेज आला होता.

नाताळच्या सुट्टीत काकांकडे आलेल्या वैष्णवीला ताईचा चेहरा बघवेना. गेल्या वर्षी डेंगीच्या तापात हीच ताई रात्र-रात्र तिच्या उशाशी बसली होती.

"मने, ऊठ. इथे काय रोज झोपतेस?" ताईच्या धाकट्या भावाने, सोनूने, लॅपटॉपच्या बॅगेवरून मांजर उचललं. "ए वैशू, बॅग बघ कसली गरम केलीय हिने."

वैष्णवीने बॅगेत हात घातला. आतला लॅपटॉप बॅगेहूनही गरम होता.

"रात्री चार्ज करून मिटलाय ना हा? मग गरम कसा?"

तिने शेजारच्या यज्ञेशला हाक मारली. तो नववीत होता, आणि त्याच्या शाळेतल्या संगणकांवरही या लॅपटॉपसारखंच लिनक्स होतं. त्याने लॅपटॉप उघडला. चार्जिंग चौदा टक्क्यांवर आलं होतं.

"बॅटरी तशी धडधाकट आहे," तपासून तो म्हणाला. "चोर दुसराच आहे. हे वाच. झाकण मिटल्यावर: काहीच करू नये."

"म्हणजे मिटला तरी जागाच! असं कोण ठेवतं?" सोनूने विचारलं.

वैष्णवीची नजर पडद्यावरच्या दुकानाच्या बिलांच्या प्रोग्रामवर गेली. "दुकानदार! काका म्हणाले नव्हते का, हा तिथे गल्ल्याखाली असायचा आणि वर मोठा पडदा जोडलेला. तिथे तो मिटूनच चालायचा."

यज्ञेशने पॉवरटॉप चालवलं. कोणता प्रोग्राम किती वीज खातो, याचा अंदाज त्यात दिसतो. बिलांचा प्रोग्राम सर्वांत वर होता. "सारखा प्रिंटर शोधतोय."

"प्रिंटर उल्हासनगरला, आणि हा शोधतोय वांगणीत," सोनू म्हणाला. "ह्याच्यापेक्षा आमची मनी हुशार."

ताईला विचारून त्यांनी तो प्रोग्राम काढून टाकला. झाकण मिटताच लॅपटॉप झोपेल असं केलं, पॉवर सेव्हर लावला, पडद्याचा उजेड उतरवला, ब्लूटूथ बंद केलं. मग चार्जिंग पूर्ण करून, चार्जर काढून रात्री तो मिटून ठेवला.

सकाळी काका बॅग उचलायला आले.

"काका, एकदा उघडून बघा," वैष्णवी म्हणाली.

सत्त्याण्णव टक्के! काका खाली बसले. "आणि मी न बघताच बॅटरीला बोल लावत होतो."

शुक्रवारी मुलाखत सुरू होण्याआधीच वीज गेली. मोबाइलच्या नेटवर मुलाखत देऊन ताई खोलीतून बाहेर आली तेव्हा निम्म्याहून अधिक बॅटरी शिल्लक होती. संध्याकाळी निवडीचा फोन आला. तिने तिघांना एकदम जवळ ओढलं.

"पोरांनो, तुमच्यामुळे झालं हे," काका म्हणाले.

"आमच्यामुळे नाही," सोनूने बोट दाखवलं.

मनी बॅगेवर चढली, दोनदा वळली आणि नाराज होऊन उतरली. बॅग थंडगार होती. काकांनी अंगातला स्वेटर काढला, घडी करून कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाले, "ये बाई. तुझा हक्क आहे."