चोविसावा पेपर

शुभा त्या दिवशी कॉलेजच्या दुकानात गेली होती ती फक्त पांढरा कोट आणि गॉगल घ्यायला. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. बाहेर नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावचं चिकट ऊन आणि आत हुडहुडी भरेल असा एसी. तिच्यापुढे रांगेत एक ठेंगणी, सावळी बाई उभी होती. काउंटरवरच्या मुलीला ती पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होती आणि ती मुलगी पुन्हा पुन्हा "सॉरी?" म्हणत होती. शेवटी बाई स्वतःशीच पुटपुटली, "आता हिला विच्छेदनाची पेटी कशी समजावू, बाई!"

शुभाला हसूच फुटलं. "डिसेक्शन किट म्हणा," ती मागून म्हणाली.

बाई गर्रकन वळली आणि तिचा चेहरा असा उजळला, की काय सांगावं.

ती शरयू. मूळची संगमनेरची. नऊ वर्षं तिनं तिथल्या शाळेत नववी-दहावीला शास्त्र शिकवलं होतं. नवरा विनय इथे सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून ती इथे. शुभा नागपूरची, बी.कॉम. झालेली, पंधरा वर्षं अमेरिकेत, इंग्लिश पाण्यासारखं. दोघींनाही नर्स व्हायचं होतं. त्यासाठी या कम्युनिटी कॉलेजात बायोलॉजीचा पहिला कोर्स पास होणं भाग होतं, आणि नर्सिंगच्या जागा मोजक्याच होत्या.

दोघी लॅब पार्टनर झाल्या. शरयूला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून शुभा तिला घरून घ्यायची आणि परत सोडायची. त्या वीस मिनिटांत शरयू शुभाला शिकवायची. तिच्या तोंडी सगळे शब्द मराठीच. "हे बघ शुभा, पेशी म्हणजे एक गाव समज. केंद्रक म्हणजे ग्रामपंचायत. तंतुकणिका म्हणजे वीजघर, मायटोकाँड्रिया गं. आणि ही पेशीभित्तिका, ती फक्त झाडांना." वर्गात डॉ. ग्रेडी सव्वा तास बोलायच्या त्यातलं शुभाच्या डोक्यात काही शिरायचं नाही. गाडीतलं मात्र शिरायचं.

पण पुरेसं शिरलं नव्हतं. ऑक्टोबरात लॅबची परीक्षा आली. टेबलांवर तीस ठिकाणी मायक्रोस्कोप आणि नमुने मांडलेले. प्रत्येकापाशी एक मिनिट. टायमर वाजला की पुढच्या टेबलाला. मध्ये मध्ये विश्रांतीच्या खुर्च्या. अशाच एका खुर्चीवर शरयू शेजारी टेकली होती. तिचा पेपर मांडीवर उघडा होता आणि शुभाच्या पेपरवर अकरा जागा कोऱ्या होत्या.

तिनं उतरवून घेतलं. अकराच्या अकरा. त्यात शरयूनं दोन ठिकाणी चुका केल्या होत्या, त्याही जशाच्या तशा.

दोन दिवसांनी डॉ. ग्रेडींनी दोघींना बोलावलं. दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवून शांतपणे विचारलं, "कोणी कोणाचं पाहिलं?"

शरयूला घाम फुटला. इंग्लिश शब्द तिच्या घशातच अडकले. "मॅडम, आय… आय नॉट…" ती शुभाकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "शुभा, सांग ना गं त्यांना."

शुभानं सांगितलं. स्पष्ट, सफाईदार इंग्लिशमध्ये. "तिला भाषेची अडचण आहे, मॅडम. तिनं माझं पाहिलं असावं. प्लीज तिच्यावर फार कडक होऊ नका."

त्या शेवटच्या वाक्यामुळे डॉ. ग्रेडींचा पुरता विश्वास बसला. शरयूला कोर्समधून काढलं. रेकॉर्डवर कॉपीचा शेरा पडला. ती नुसती शुभाकडे बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं, असं शुभाला पुढे कितीदा तरी वाटलं.

त्या दुपारी शुभा तिला न घेताच निघून गेली. वीस मिनिटं शेजारी बसायचं धैर्य झालं नाही, एवढंच. कुठल्याशा वादळाची शेपटी कॅरोलायनावरून चालली होती आणि पाऊस आडवातिडवा कोसळत होता. विनय कामासाठी अटलांटाला गेलेला. शरयू चालत निघाली. इथल्या रस्त्यांना फूटपाथ कुठला! कडेनं लाल मातीचा उतार आणि खाली पावसाचं पाणी साठवायची तळी. तिसऱ्या दिवशी त्यातल्याच एका तळ्यात ती सापडली.

विनयनं विचारलं तेव्हा शुभा म्हणाली, "मी थांबले होते. तीच म्हणाली, तू जा, मी येते म्हणून."

नोव्हेंबर उजाडला. शुभाशेजारचं स्टूल रिकामं होतं. डॉ. ग्रेडींनी तिला दुसरी पार्टनर दिली नाही आणि तिनंही मागितली नाही. लॅबला खिडक्या नव्हत्या. ट्यूबलाइटची गुणगुण चालायची, बरण्यांतल्या नमुन्यांचा औषधी वास यायचा, बाकी काही नाही. पण महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्या वासात आणखी एक वास मिसळला. ओल्या, कुजक्या लाल चिखलाचा. शुभानं इकडेतिकडे पाहिलं. कोणाचंच लक्ष नव्हतं.

त्या दिवशी तळ्याच्या पाण्यातले जीव बघायचे होते. प्रत्येकानं बरणीतून एक थेंब घ्यायचा आणि काचेवर ठेवायचा. शुभानं डोळा लावला, फोकस फिरवला. इतरांना हिरवे गोळे, वळवळणारे जीव दिसत होते. तिच्या काचेवर काहीच हलत नव्हतं. नुसत्या पातळ, चपट्या पेशी एकमेकींवर पडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मध्ये एकेक काळसर ठिपका.

डॉ. ग्रेडींनी वाकून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "ही माणसाची कातडी आहे. तुम्ही बोट लावलंत काचेला. पुन्हा करा."

शुभानं काच धुतली, नवा थेंब घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. ती खाली वाकलेली असतानाच तिच्या कानाशी, अगदी जवळून, कोणीतरी हळूच म्हणालं…

"केंद्रक दिसलं?"

शुभा ताडकन उठली. शेजारचं स्टूल रिकामंच होतं. फक्त त्याच्याखाली फरशीवर तळहाताएवढं पाणी साचलं होतं. लाल, गढूळ पाणी.

तिनं कोणाला सांगावं? आणि काय सांगावं? घरी नवऱ्याला म्हणाली, अभ्यासाचं टेन्शन आलंय. कोर्स सोडावा असं रोज मनात यायचं आणि रोज ती स्वतःला बजावायची, की आता सोडलास तर सगळं कशासाठी केलंस?

पुढच्या दोन्ही मंगळवारी ते पाणी होतंच. डबकं दर वेळी थोडं मोठं. आणि तो आवाज. ओरडणं नाही, शाप नाही. तो शिकवत असे. "ही हरितलवकं बघ… मोज… घाई करू नकोस…" गाडीत बोलायचा तसाच, समजुतीचा आवाज. हळूहळू शुभाला वेगळंच वाटायला लागलं. ही चिडलेली नाही. हिनं मला माफ केलंय. शिक्षिकाच ती, गेल्यावरही शिकवतेय. माणसाला स्वतःच्या सोयीचं किती पटकन पटतं!

डिसेंबरात शेवटची परीक्षा. पुन्हा तीच मांडणी, तीस टेबलं आणि टायमर. वर्गात शुभा धरून तेवीस जण उरले होते. बाकीचे सगळे तिच्या पुढच्या टेबलांपासून सुरू झाले. शुभाच्या मागे कोणीच नव्हतं.

पहिला टायमर वाजला आणि ती पुढे सरकली. मागच्या टेबलापाशी, जे रिकामं असायला हवं होतं, तिथलं स्टूल फरशीवर घासल्याचा आवाज आला. दुसरा टायमर वाजला, पुन्हा तेच. ती जिथून उठे तिथे कोणीतरी बसे. ओली पावलं फरशीवर चिकटत, सुटत. शुभानं मागे वळून पाहिलं नाही.

सातव्या टेबलाशी ती अडली. काचेखाली गुलाबी पट्टे दिसत होते आणि डोकं कोरं. मिनिट संपत आलं.

"स्नायू…" मागून आवाज आला. "हृदयाचा. लिही."

तिनं लिहिलं. पुढच्या टेबलाशी जमलं. त्याच्या पुढच्याला पुन्हा अडली. "लिही…" ती लिहीत गेली. एकदोन उत्तरं तिला चुकीची वाटली, पण तिनं आवाजावरच विश्वास ठेवला. शेवटी शेवटी तर ती नमुन्याकडे बघतही नव्हती. नुसती पेन टेकवून वाट बघायची. तिसाव्या टेबलाशी टायमर वाजला तेव्हा एकही जागा कोरी नव्हती. तिनं मनातल्या मनात हात जोडले. "शरयू, तुझे उपकार गं."

मागून कोणीतरी हसलं. अगदी बारीक, पाण्यातून बुडबुडा फुटावा तसं.

दुसऱ्या दिवशी डॉ. ग्रेडींचं बोलावणं आलं. खोलीत शिरताच शुभाला चिखलाचा वास आला. टेबलावर दोन पेपर शेजारी शेजारी ठेवलेले होते. एक तिचा. दुसरा भिजून फुगलेला, कडेला लाल मातीचे डाग आणि शाई फुटलेली, पण वाचता येत होती.

"माझ्या वर्गात तेवीस विद्यार्थी आहेत," डॉ. ग्रेडी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "पेपर चोवीस आले. हे दोन पेपर शब्दन् शब्द सारखे आहेत. चार चुका आहेत, त्याही सारख्या. आणि या पेपरवर जे नाव आहे…" त्या थांबल्या. "हे तुम्ही केलंत का? मेलेल्या बाईच्या नावानं?"

"नाही, मॅडम."

"मी तिचा जुना पेपर काढून पाहिला. अक्षर तिचंच आहे." त्यांनी चष्मा काढला. "मी तुम्हाला एकच विचारते. कोणी कोणाचं पाहिलं?"

शुभा तोंड उघडून उभी राहिली. आणि तिचं ते पाण्यासारखं इंग्लिश, पंधरा वर्षांचं, तिला सापडेना. "मॅडम, आय… आय…" घशात शब्द अडकत होते, घाम फुटला होता. कोपऱ्यात, दाराच्या मागे, थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. ती मराठीतच ओरडली, "सांग ना गं त्यांना, शरयू!"

नुसतं पाणी ठिबकत राहिलं.

मग तिनं कागद मागून घेतला आणि सगळं लिहून दिलं. ऑक्टोबरातलंही. शेवटच्या ओळीत तिनं लिहिलं, 'मी तिला पावसात सोडून गेले.'

कॉलेजनं शुभाला काढून टाकलं. रेकॉर्डवर शेरा पडला. शरयूचा शेरा पुसला गेला. डॉ. ग्रेडींनी जानेवारीत शिकवणं सोडलं, असं पुढे कानावर आलं. लॅब सुटली तसा तो वासही सुटला, आवाजही. शुभाला रात्री झोप यायला लागली. हिशेब पुरा झाला, असं तिनं धरलं. राहिलं होतं एकच, विनयला तोंडानं सांगणं. त्याला ती तीन महिने टाळत आली होती.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी ती त्याच्याकडे एकटीच गाडी चालवत गेली. लख्ख ऊन पडलं होतं. छपराच्या कडेचं गटर साफ करायला त्यानं घराला पिवळी शिडी लावली होती आणि हातमोजे घालून तो अंगणातच उभा होता.

त्यानं तिला आत बसवलं. सगळं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर म्हणाला, "तुम्ही आलात ते बरं झालं, शुभाताई. मला एक समजत नाहीये. ते तुम्हालाच विचारायचं होतं."

त्यानं लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. शरयूनं नर्सिंगचा अर्ज ऑगस्टमध्येच भरून ठेवला होता. शेरा निघाला आणि त्या चोविसाव्या पेपरचे मार्क तिच्या नावावर चढले, तसा तो आपोआप पुढे सरकला. माणूस गेलंय हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? तिला जागा मिळाली होती.

"मी कॉलेजला मेल करून कळवणार होतो," विनय म्हणाला. "पण आज सकाळी उघडलं तर कोणीतरी जागा स्वीकारलीय. सगळा फॉर्म भरलाय. आणि आत्ता, तुम्ही बाहेर गाडी लावलीत ना, तेव्हा हा फोटो अपलोड झाल्याची सूचना आली. ओळखपत्रासाठी. हा फोटो माझ्याकडे नाही. तुम्ही काढला होतात का कधी?"

शुभानं पाहिलं. शरयूच होती. केस कपाळाला चिकटलेले, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, आणि ती कॅमेऱ्याकडे बघून मंद हसत होती. ती शुभाच्या गाडीत, चालकाच्या शेजारच्या सीटवर बसली होती. शुभानं ते सीट कव्हर ओळखलं.

"जुना असेल," ती कसंबसं म्हणाली. "मी तिला नेहमी… सोडायला यायचे ना, तेव्हाचा…"

"मलाही तसंच वाटलं," विनय म्हणाला. त्यानं बोट स्क्रीनवर ठेवलं, फोटोतल्या गाडीच्या काचेवर. काचेतून मागे त्याचंच घर दिसत होतं, ऊन पडलेलं, आणि भिंतीला टेकून उभी असलेली पिवळी शिडी.

"ही मी काल रात्री विकत आणली," तो म्हणाला.