चौदावा परिच्छेद

माझ्या वकीलबाईंचा नेहमीचा टायपिस्ट तापानं आडवा झाला, म्हणून मी कोर्टाच्या व्हरांड्यातल्या शेवटच्या टेबलावरच्या टायपिस्टकडे गेले. नाहीतर हा माणूस मला कुठला भेटायला!

त्याची एक खोड होती. टाइप करताना तो प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायचा... चूक राहत नाही म्हणे. माझा अर्ज घटस्फोटाचा, कारण क्रूरता. माझा सहा वर्षांचा संसार तो खणखणीत वाचत होता आणि मागची रांग कान टवकारून ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग चौदावा परिच्छेद आला. नवऱ्यानं मला अख्खी दुपार गॅलरीत कोंडून ठेवलं होतं, शेजाऱ्यांनी बघावं म्हणून. टायपिस्टचा आवाज एकदम खाली आला. इतका, की फक्त मलाच ऐकू यावा. पंधराव्याला तो पुन्हा चढला.

घरी जाऊन मी पोटभर रडले. कितीतरी दिवसांनी कुणी माझी लाज राखली होती.

पुढे दोन वर्षं तारखाच तारखा. मी दिसले की तो खुर्ची पुसून ठेवायचा.

"पुन्हा पुढची तारीख?"

"तुमच्यासाठीच मागून घेते," मी एकदा म्हटलं, तर कानापर्यंत लाल झाला आणि कागद उलटा घातला.

पण मी कितीदा बोलावलं तरी चहाला म्हणून कधी आला नाही. शेवटी मी कारण विचारलं.

"केस संपेपर्यंत नको," तो मशीनकडे बघत म्हणाला. "समोरचे वकील टपलेलेच आहेत. तुमच्याच अंगाशी येईल..."

म्हणजे त्याच्याही मनात होतं तर! मी सुखावले, आणि घाबरलेही. अजून कुणी दार आपटलं तरी मी कडी उघडी आहे ना, बघून यायचे. पुन्हा एका माणसावर विश्वास टाकायचा? आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकून पी. पण पी बाई!"

निकाल लागला. हे लग्न आता सांधण्यापलीकडे गेलंय, असं न्यायाधीशही म्हणाले. मी तडक शेवटच्या टेबलाशी गेले.

"एक अर्ज आहे. टाइप करायला घ्या. अर्जदार आज मोकळी झाली आहे. तिला एका टायपिस्टबरोबर चहा प्यायचा आहे... रोज. तिला अजून भीती वाटते."

त्याची बोटं थांबली. रांगेनं कान टवकारले.

"हे... हळू वाचू?"

"नको. नेहमीसारखंच."

त्यानं खणखणीत वाचलं. चहापाशी रांगेत हसू फुटलं. भीतीची ओळ मात्र त्यानं हळूच वाचली, माझ्यापुरती.

मग मला न विचारता त्यानं खाली एक ओळ स्वतःची जोडली आणि ती सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी वाचली.

"टायपिस्टची हरकत नाही."