नव्वद पावलं

"आज पिल्लं निघाली नाहीत, तर तुमची ही संध्याकाळची सफर बंद!" वनखात्याचे साहेब ऐटीत खुर्चीवर बसले. लगेच खुर्ची डावीकडे कलली.

पिटुकली खुदकन हसली. तिचा चुलतभाऊ चष्मिश आणि त्याची थोरली बहीण बडबडी यांनी कसंबसं हसू दाबलं. तिघंही सुट्टीत आत्याकडे आली होती. आत्या किनाऱ्यावर गाईड होती. रोज संध्याकाळी ती पाहुण्यांना पक्षी, खेकडे आणि नशिबात असतील तर डॉल्फिनही दाखवायची. पण तिचा सगळा जीव गुंतला होता कासवाच्या एका घरट्यात. मादीने वाळूत पुरलेल्या त्या अंड्यांवर आत्याने डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता. पन्नास दिवसांत निघणारी पिल्लं आज अठ्ठावन्नाव्या दिवशीही निघाली नव्हती.

"अंडी सडली असणार," साहेब पुटपुटले. पंधरा-वीस पाहुणे खुर्च्यांवर चुळबुळत होते. समोर काठ्यांच्या कुंपणात वाळू ढिम्म होती.

साहेबांनी खुर्ची उचलून दोन वीत पलीकडे ठेवली. बसले, आणि खुर्ची पुन्हा कलली!

"साहेबांचं वजन जास्त झालंय," पिटुकली म्हणाली.

"गप गं! त्यांच्याहून जाड तर पहिल्या रांगेतले आजोबा आहेत, त्यांची खुर्ची ताठ आहे," बडबडी कुजबुजली. ती खुर्चीमागे जाऊन वाकली. पायाखालची वाळू थाळीएवढी खचली होती. तिने हात ठेवला. आत काहीतरी हललं!

"आत्या म्हणाली होती ना, पिल्लं वर यायला लागली की वाळू खचते?"

"पण घरटं तर तिकडे, कुंपणात आहे!" चष्मिशने चष्मा वर सरकवला. "कुंपण लावलं कुणी?"

"मीच!" आत्याचे मदतनीस राखणदारकाका जवळ येऊन हळूच म्हणाले. "पोरांनो, आत्याला सांगू नका. ती चार दिवस प्रशिक्षणाला गेली होती ना, तेव्हा मोठ्या भरतीत कुंपण वाहून गेलं. मी तिची मोजमापाची वही बघून पुन्हा ठोकलं. काळ्या खडकापासून सरळ नव्वद पावलं. एकही कमी नाही हो!"

तिघांनी काकांच्या पायांकडे पाहिलं. काका गोलमटोल आणि बुटके होते. मग तिघांनी उंचपुऱ्या आत्याकडे पाहिलं. बाजारात तिच्याबरोबर चालायचं म्हणजे तिघांना धावावंच लागायचं!

"अगं बाई!" बडबडीने तोंडावर हात ठेवला. "वहीतली पावलं आत्याची आहेत!"

"म्हणजे घरटं खुर्च्यांखाली..." चष्मिशने झटकन पाय मागे घेतला.

"सांगायचं कसं? साहेब म्हणतील, पोरांचा खेळ चाललाय!"

पण पिटुकली केव्हाच पुढे पळाली होती. "फोटो! उजेड आहे तोवर सगळ्यांचा एक फोटो! साहेब मध्ये! कुंपणापलीकडे उभे राहा!"

साहेबांनी केस सारखे केले आणि निघाले. त्यांच्यामागे सगळे पाहुणे! चष्मिश फोटो काढल्यासारखं करत "अजून मागे, अजून मागे" म्हणत राहिला. तेवढ्यात बडबडीने आत्याला खडकाकडे ओढत नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं. खडकाला पाठ लावून आत्याने ढांगा टाकायला सुरुवात केली. कुंपण मागे पडलं. सत्तर... ऐंशी... अठ्ठ्याऐंशी... नव्वद!

तोवर अंधारून आलं होतं. तिचं पाऊल साहेबांच्या खुर्चीपाशी थांबलं. ती तशीच गुडघ्यांवर बसली.

"खुर्च्या उचला! अलगद! आणि पांढरे दिवे बंद, पिल्लं वाट चुकतील!" ती म्हणाली.

साहेब तरातरा आले. "काय पोरखेळ..." आणि ते जागीच थबकले.

वाळू उकळल्यासारखी हलली. एक काळं, बोटाच्या टोकाएवढं डोकं वर आलं. मग दुसरं. मग वाळूतून पिल्लांचा लोंढाच वर आला! लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या अंधुक उजेडात इवले इवले पाय वल्ह्यांसारखे चालत होते. कुणीही वाट दाखवली नव्हती, तरी सगळी तोंडं समुद्राकडे वळली.

बडबडीसारखी बडबडीही गप्प झाली होती. तिला एकाएकी फार लहान झाल्यासारखं वाटलं, आणि ते तिला खूप आवडलं. ज्यांना आई माहीत नाही, समुद्र माहीत नाही, ती पिल्लं एवढ्या मोठ्या पाण्याला जराही भीत नव्हती!

एक पिल्लू साहेबांच्या बुटावर अडखळलं. साहेब हळूच बुटातून पाय काढून मागे सरले. पिल्लू बूट ओलांडून गेलं आणि लाटेने त्याला उचललं.

"एकशे चार," आत्याने डोळे पुसत मोजणी संपवली.

राखणदारकाका हात जोडून पुढे आले. "चूक माझी. पावलं मोजली, पण कुणाची ते बघितलं नाही."

"आणि मीही मापाला टेप लावली नाही, माझीही चूक," आत्या म्हणाली. मग तिने तिघांना जवळ ओढलं. "तुम्ही नसतात, तर आज ही सगळी खुर्च्यांखाली चिरडली असती! शाब्बास रे माझ्या भाच्यांनो!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब अजून अनवाणीच उभे होते, बूट हातात घेऊन समुद्राकडे बघत.

"साहेब," आत्याने भीत भीत विचारलं, "सफरीचं काय?"

साहेब दचकले, जणू झोपेतून जागे झाले.

"उद्या किती वाजता यायचं?" ते म्हणाले. "आमच्या घरची मुलं आणीन म्हणतो."