तलावातली नावं बुडतात कुठे?

ताई पोहण्याची शर्यत जिंकली. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा ताईचं नावसुद्धा यादीत नव्हतं.

म्हणजे ती नाव नोंदवायची. रोज! सकाळी तलावाच्या कार्यालयातल्या संगणकावर नाव भरायचं, दुपारी ते गायब. सगळ्यांचीच नावं गायब! व्यवस्थापक म्हणजे ताईचाच मामा. त्याचा तोडगा ठरलेला, "पुन्हा भरा." आज नोंदणीचा शेवटचा दिवस होता. उद्या यादीत नाव नसेल, तर शर्यत नाही.

"चोर आहे!" ताईची धाकटी बहीण चश्मिस म्हणाली.

"नावं चोरून करणार काय?" त्यांचा मावसभाऊ जांभई म्हणाला आणि त्याने जांभई दिली. सुट्टी लागल्यापासून तो दमलेला होता. त्याआधी तो शाळेमुळे दमलेला असे.

तिघं पोहण्याच्या रबरी चाकांच्या ढिगामागे लपली. मामा आला, त्याने संगणकात एक आज्ञा टाइप केली आणि डबा घेऊन जेवायला निघाला.

"मामा, आत्ता काय केलंस?" चश्मिस ओरडली.

मामा दचकला. "बंद केलं! वीज कशाला जाळायची?"

चश्मिस शाळेत संगणक मंडळात होती. तिने संगणकातली एक फाइल उघडली. "हे बघ, हे तीन कंटेनर. नोंदणीचं काम ज्यांत चालतं ते डबेच म्हण. एक पान दाखवतो, दुसरा नाव विचारतो, तिसरा साठवतो. कोणी कोणाशी बोलायचं, कोणी आधी उठायचं, सगळं या फाइलमध्ये. एक आज्ञा दिली की सगळे कामाला!"

"अशी फाइल घरी हवी," ताई म्हणाली. "जांभईला उठवायला."

"आणि मामा, तुझी बंद करायची आज्ञा डबे थांबवत नाही, फेकून देते! नंतर येतात ते नवे कोरे."

"मग चांगलंच की. स्वच्छ!"

"नावं जुन्या डब्यात होती, मामा!"

मामाने हातातला जेवणाचा डबा टेबलावर ठेवला.

"चोर सापडला," जांभई म्हणाला. "पण पकडायचा कंटाळा आलाय. मामा, तूच स्वतःला धर."

चश्मिसने फाइलमध्ये दोन-तीन ओळी घातल्या. नावं आता डब्याबाहेरच्या कायमच्या कप्प्यात राहणार होती. ताईने नाव भरलं. मामाने सगळं बंद केलं, पुन्हा चालू केलं. सगळ्यांनी श्वास रोखला. जांभईला जांभई अर्ध्यावर थांबवावी लागली.

पान उघडलं. नाव होतं!

मामाने दारावर पाटी लावली, 'पुन्हा भरा. शेवटचं.' संध्याकाळी पोहण्याच्या सरांसमोर त्याने तिघांची पाठ थोपटली. "पोरं हुशार! माझ्यावर गेलीत."

"मामा, बक्षीस?" जांभईने विचारलं.

"अर्ज कर."

त्याने केला:

'मा. व्यवस्थापक, सदर तपासकामी अर्जदाराची सुट्टी खर्ची पडली असून अर्जदार अत्यंत थकला आहे. तरी झालेली सुट्टी रद्द समजून ती पहिल्या दिवसापासून नव्याने चालू करण्यात यावी, ही नम्र विनंती.'