माळ्यावरचे चाळीस भोपळे

तीन वर्षे कोणी हात लावला नाही, तर वस्तू टाकाऊ म्हणायची का?

सन २०५२. मिरजेतल्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात अकरा वर्षांच्या मिसबाला हा प्रश्न पडला, कारण यंत्रमानव माळ्यावरचे भोपळे उतरवत होता. तंबोऱ्याचा गोल तळ वर्षानुवर्षे वाळवलेल्या या भोपळ्यांचाच करतात. कारखान्यात नुकतेच नवे सॉफ्टवेअर (यंत्राने काय, कधी करायचे ते सांगणाऱ्या सूचनांचा संच) आले होते. त्याने चाळीसही भोपळे ‘पडून राहिलेला माल’ ठरवून परस्पर विकले होते. चार वाजता गाडी येणार होती.

“हे गेले तर पुढची दहा वर्षं तंबोरे कशाचे करू?” अब्बा हादरले. त्यांनी विक्री रद्द करायला घेतली. पडद्यावर कारणांची यादी आली. ‘अजून वाळतोय’ असे कारण तीत नव्हतेच. त्यांनी ‘फुटका माल’ निवडले. यंत्रमानव निमूटपणे भोपळे घेऊन कचऱ्याच्या दाराकडे वळला.

तेवढ्यात शेजारचे निवृत्त संगणकशास्त्रज्ञ वाटवे आजोबा आत आले. “रफीकभाई, ते यंत्र आधी बंद करा. आणि घेणाऱ्याला सरळ फोन करा की.”

अब्बांनी यंत्रमानव बंद केला. एका फोनवर व्यवहार मोडला.

“आजोबा, सॉफ्टवेअर वाईट आहे का?” मिसबाने विचारले.

“नाही गं. बिस्किटांच्या दुकानाला ते उत्तम. तिथं जुना माल बिघडतो, तुमच्याकडे मुरतो. रफीकभाई, निवडताना काय पाहिलंत?”

“गोड बोलत होतं,” अब्बा ओशाळून म्हणाले.

“सून आणायची होती का?” आजोबा हसले. “आधी आपलं काम कागदावर उतरवायचं. मग कशावाचून अडतं आणि काय नुसतं असलं तर बरं, ते वेगळं करायचं. शेवटी चाचणी (विकत घेण्याआधी आपल्याच कामावर वापरून पाहणे).”

मिसबाने कागद घेतला. पहिली ओळ लिहिली : भोपळा वाळेपर्यंत थांबता आले पाहिजे.

आठवड्याने तीन नवी सॉफ्टवेअर तपासली. तिन्हींनाही एकाच भोपळ्याची माहिती दिली. पहिले म्हणाले, विका. दुसरे म्हणाले, निम्म्या किमतीत विका. तिसऱ्याला आवाजही नव्हता. पडद्यावर साधी अक्षरे उमटली : ‘हा का ठेवला आहे?’

अब्बांनी लिहिले, ‘अजून तयार व्हायचा आहे.’

‘कधी होईल?’

अब्बांनी भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला आणि लिहिले, ‘सात वर्षांनी.’ पडद्यावर नोंद झाली : २०५९.

“तेव्हा मी अठराची असेन,” मिसबा म्हणाली.

“मग याचा तंबोरा तूच कर.” अब्बांनी भोपळा तिच्या हातात दिला. तो छातीशी धरून ती माळ्याची शिडी चढू लागली.