काठ का कापला?

पडद्यावर नलूआत्याच्या गाठीचं चित्र होतं. जांभळ्या ठिपक्यांचा एक गोळा आणि त्याभोवती नुसता काळाकुट्ट रंग. बारा वर्षांच्या जुई दिवटेला कोडं पडलं ते त्या काळ्या रंगाचं. गाठ काही अधांतरी लटकत नव्हती. ती आत्याच्या स्तनात होती, तेव्हा तिच्या आजूबाजूला काहीतरी असणारच. मग ते गेलं कुठे?

सन २०५८ चालू होतं. नाशिकच्या त्या रुग्णालयात गाठी तपासायचं काम एक यंत्रमानव करायचा. त्याचं नाव पारखी. आत्याची गाठ काढून दहा दिवस झाले होते आणि पारखीनं आज तिच्या हातात हिरवी चिठ्ठी ठेवली होती. कर्करोगाच्या पेशी (ज्यांनी शरीर बनतं ते सूक्ष्म घटक) मवाळ दिसतात, पुढचे उपचार नकोत, वर्षानं या. आत्या येवल्याची, पैठणी विणणारी. मागावर अर्धी साडी तशीच सोडून आलेली, त्यामुळे ती पिशवी उचलून निघालीसुद्धा होती. जुईला लहानाचं मोठं तिनंच केलं होतं, आणि जुई मात्र पडद्यापुढून हलायला तयार नव्हती.

तिनं पारखीला त्या काळ्या भागाबद्दल विचारलं.

“गाठीभोवतीची ऊती (पेशी आणि धागे मिळून झालेला थर) अनावश्यक असते. ती मी चित्रातून कापून टाकतो. साठवणीची जागा वाचते,” पारखी गोड आवाजात म्हणाला.

जुईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या घरी साडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी काठ उलटून बघतं. वीण कशी, जर कशी, हात कुणाचा, सगळं काठावर कळतं. आणि या शहाण्यानं काठच कापून टाकला होता, वर नाव म्हणे पारखी!

“काठ कापून पैठणी कोण पारखतं?” ती म्हणाली. “मला आत्याचा काठ बघायचाय.”

तिचा चढलेला आवाज ऐकून विभागप्रमुख डॉ. दर्शना तडवी बाहेर आल्या. जुईला गप्प बसवतील असं आत्याला वाटलं होतं, पण सगळं ऐकल्यावर त्यांचाच चेहरा उतरला. त्या दोघींना प्रयोगशाळेत घेऊन गेल्या आणि काचेच्या दोन बशा पुढे ठेवल्या. दोन्हींत एकाच गाठीतल्या पेशी जेलीत वाढवल्या होत्या. एका बशीतली जेली मऊ होती, दुसरीतली घट्ट. भिंगातून बघितलं तर मऊ जेलीतल्या पेशी गोळा होऊन गुमान बसलेल्या. घट्ट जेलीतल्या पेशींनी मात्र हातपाय पसरले होते आणि काही पार बशीच्या कडेला पोचल्या होत्या.

जुईला वाटलं, बशांची काहीतरी अदलाबदल झाली असणार. डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. पेशी त्याच होत्या, बदललं होतं ते फक्त आजूबाजूचं.

मग त्यांनी नीट समजावलं. निरोगी ऊतीत कोलॅजेनचे (शरीराला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे) धागे सैल, नागमोडी असतात. हे धागे बनवतात तंतुपेशी. कुठे जखम झाली की त्या धावून येतात, धागे वाढवतात, ओढून घट्ट करतात, आणि जखम भरली की थांबतात. कर्करोगाच्या पेशी त्यांना खोटे रासायनिक निरोप धाडतात. बिचाऱ्या तंतुपेशींना वाटतं, जखम अजून भरलीच नाही. त्या धागे ओढतच राहतात आणि आजूबाजूची जागा कडक होत जाते. तो कडकपणा कर्करोगाच्या पेशींना जाणवतो आणि त्या जास्त हालचाल करू लागतात. त्यात धागे गाठीभोवती गुंडाळलेले न राहता सरळ बाहेरच्या दिशेनं ताणले गेले, तर पेशींना आयतीच वाट मिळते. त्या धाग्यांवरून सरकत रक्तवाहिनीपर्यंत पोचू शकतात.

“म्हणजे चांगल्या पेशींना फसवून राबवून घेतात,” जुई चिडून म्हणाली. त्या लबाडीचाही तिला पारखीइतकाच राग आला.

नशीब एवढंच, की गाठीचा खरा काप काचपट्टीवर जपलेला होता. डॉक्टरांनी कपाटातून तो काढला आणि सगळाच्या सगळा पडद्यावर आणला. आत्यानं पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि बराच वेळ निरखून बघितलं.

“या बाजूला धागे गाठीभोवती आहेत,” ती सावकाश म्हणाली. “पण इकडे बघा. मागावर ताणल्यासारखे उभे, सरळ बाहेर गेलेत.”

डॉक्टरांनी हिरवी चिठ्ठी फाडली. रोग पसरलाच आहे असं नाही, पण धोका जास्त आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आता किरणोपचार करायचे, तंतुपेशींना शांत करणारं नवं औषध द्यायचं आणि दर तीन महिन्यांनी तपासायचं. आत्यानं पहिली तारीख विचारून घेतली.

“आत्याच्या आधी किती जणींचे काठ कापले?” जुईनं विचारलं.

उत्तर पारखीनं दिलं. आठ वर्षं, चारशे बारा हिरव्या चिठ्ठ्या. जागा वाचवायच्या नियमावर सही होती डॉ. तडवींची.

जुईला रडू फुटलं, निव्वळ संतापानं. डॉक्टरांनी तिची समजूत घातली नाही की सबबही सांगितली नाही. त्यांनी तो नियम तिथल्या तिथे रद्द केला, कपाटाची सगळी दारं उघडली आणि पारखीला पहिल्या काचपट्टीपासून सुरुवात करायला लावली. आत्या तिथेच खुर्ची ओढून बसली. मागावरची साडी थांबेल म्हणाली.

पडद्यावर आता काळा रंग कुठेच नव्हता. पहिल्या तीन गाठींभोवती धागे सैल, नागमोडी होते. चौथीचे उभे होते. जुईनं काचपट्टीवरचं नाव मोठ्यानं वाचलं: हौसाबाई गांगुर्डे, वय एकावन्न.

डॉक्टरांनी स्वतः फोन लावला.

“हौसाबाई, मी डॉक्टर तडवी बोलतेय. तुमची चिठ्ठी चुकली होती. माझ्यामुळे चुकली. उद्याच या, अजून खूप काही करता येतं.”

पारखीनं पाचवी काचपट्टी उचलली.