एका नावाचा तोल

ओट्यापाशी उभ्या राहून मृदुलाबाई गवार मोडत होत्या. पायाखाली फरशी आहे की नाही, हे त्यांच्या पायांना सांगता आलं नसतं. ते मोज्यांना कळत होतं. अंग जरा कलंडलं की घोट्याशी झिणझिण उठायची आणि पाय आपसूक सावरायचा.

मधुमेहाने तळव्यांची जाणीव कधीच नेली होती. तळव्यांकडून जमिनीची खबर येईनाशी झाली की मेंदू तरी अंग कसं सावरणार? या मोज्यांच्या विणीतले बारीक तंतू तळव्याखालचा दाब ओळखत आणि घोट्यावरच्या, अजून जाग्या असलेल्या कातडीला ती खबर पोचवत. पण नुसते मोजे चढवून भागत नसे. सकाळी मिरजेच्या तोलवर्गात जावं लागे. खुर्ची धरून एका पायावर उभं राहायचं, टाचेला चवडा लावत रेघेवरून चालायचं, मान वळवत पाऊल टाकायचं. हळूहळू मोजे माणसाला शिकत आणि माणूस मोज्यांना. अंग डुलण्याची प्रत्येकाची तऱ्हा बोटाच्या ठशासारखी वेगळी असते. वर्गात तिला डोलछाप म्हणत; ती वर्गाच्या यंत्रात जपलेली असे आणि अंग तिच्यापासून ढळलं की मोजे झिणझिणत.

शेंग मोडता मोडता त्यांचं लक्ष खाली गेलं. सगळा भार डाव्या टाचेवर होता, अंग मागे रेललेलं. अशी उभी राहायची ती त्यांची नणंद, शैलाताई. लग्न न केलेली, जन्मभर याच घरात राहिलेली. नवरात्रात गेली, झोपेतच.

मृदुलाबाई तेव्हा रडल्या नव्हत्या. आल्यागेल्याला चहा केला, कपाट आवरलं, ताईचा चष्मा खिडकीत होता तिथेच राहू दिला. आताही त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं आणि पुढची शेंग उचलली.

दुसऱ्या दिवशी वर्गात फरीदा मुजावरने त्यांना मध्येच थांबवलं. ती इथे नवीन आलेली व्यायामतज्ज्ञ.

"काकू, खुर्ची सोडू नका. परत मागं झुकलात."

"मी सरळच उभी आहे गं."

"तुम्हाला वाटतंय तसं. मोजेच तुम्हाला मागं नेताहेत." तिने भिंतीवरचा पडदा चालू केला. "हे काय? ही छाप तर फार जुनी आहे. तुम्ही दिवाळीनंतर आलात ना?"

"यंत्राचंही वय झालं म्हणायचं!" रेघेवरून चालणारे बाबर गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, तुम्ही रेघेकडं बघा." फरीदा वाचत होती. "शैलजा म्हैसकर. काकू, तुमचं नाव मृदुला ना?"

"शैलजा. माहेरचं."

"आणि बदललं कशाला?"

"नणंदेचंही तेच. सासूबाई म्हणाल्या, एका हाकेला दोघी धावतील. मग ताटात तांदूळ पसरून त्यात मृदुला लिहिलं."

तांदळात अंगठी फिरत असताना शैलाताई कानाशी आली होती. "माझ्यापायी तुझं नाव गेलं गं. मी गेले की घे परत." आणि स्वतःच खुदकन हसली होती. पुढे घरात कुणी नसलं की ती "शैले" अशी हाक मारायची. त्या नावाने हाक मारणारं दुसरं माणूस आता उरलं नव्हतं.

"मग यंत्राला शैलजा का सांगितलंत?"

"त्याने विचारलं, नाव काय. तोंडातून तेच आलं. शैलजा म्हैसकर का, म्हणालं. मी हो म्हटलं."

फरीदा खुर्ची ओढून बसली. "तुमच्या नणंदबाई यायच्या इथं?" मृदुलाबाई हो म्हणाल्या. "म्हणजे यंत्राला वाटलं, त्याच परत आल्या. काकू, हा त्यांचा तोल आहे. त्यांचे तळवे थोडे तरी जागे असतील, त्या ऐनवेळी सावरत असतील. तुम्हाला ते कळणार नाही. एक दिवस ताठ मागं पडाल, डोकं आपटेल. जितके दिवस वापराल तितकं अंग हेच शिकणार."

"तिचं अंग असंच होतं," मृदुलाबाई म्हणाल्या. "समोरून कुणी हात धरलेत, असं. जरा हात दे."

फरीदाने हात पुढे केले. मृदुलाबाईंनी ते हातांची अढी घालून धरले, पायाला पाय भिडवले आणि अंग मागे सोडलं. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात, मंगळागौरीला, ताईने त्यांना असंच ओढून उठवलं होतं. दोन शैलजा गरगर फिरल्या होत्या आणि भिंती, समया, बायका, सगळं एक झालं होतं.

मोजे गप्प झाले. घोट्याशी झिणझिण नाही, काही नाही. पडद्यावरची थरथरती रेघ सरळ झाली.

"अगंबाई!" फरीदा पुटपुटली. "ही फुगडीची छाप आहे."

मग फरीदा हळूच म्हणाली, "पण काकू, दिवसभर तुमच्यासमोर हात धरून कोण उभं राहणार?"

मृदुलाबाईंनी हात सोडवून घेतले. "पुसायची झाली तर?"

"यंत्राला तुम्हालाच सांगावं लागेल. आणि पुसली की राहत नाही, काकू. गेलेल्या माणसाची छाप ठेवत नाहीत."

त्या पडद्यासमोर गेल्या. फरीदाने पुसायची खूण दाबली.

"शैलजा म्हैसकर," यंत्राने नेहमीच्या गोड आवाजात विचारलं, "आता येणार नाहीत का?"

इतक्या महिन्यांत हे त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. आलेले लोक म्हणाले होते, वाईट झालं. म्हणाले होते, सुटली बिचारी. मृदुलाबाईंनी मान हलवली.

"कृपया बोलून सांगा."

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही यायची ती."

पडद्यावरची रेघ विझली. त्याच क्षणी पायातले मोजे साध्या, सुती मोज्यांसारखे झाले. खाली काहीच नव्हतं. फरीदाने मागून दंड धरला. गुरुजी रेघेवरच थांबले होते.

"नाव सांगा," यंत्र म्हणालं.

दोन्ही नावं जिभेवर आली. एक रिकामंच होतं, घेतलं असतं तर चाललं असतं.

"मृदुला."

"मृदुला म्हैसकर," यंत्र म्हणालं, आणि किंचित थांबून त्याने विचारलं, "आपण नवीन आहात का?"